विश्लेषण : संगणक बंद केला की पुरावाही गेला? ‘रॅम’मधील माहिती टिपणारे साधन कसे निवडतात?

पोलीस पथक दुकानात शिरते, चालू संगणकाचा प्लग काढला जातो, सीपीयू कापडात गुंडाळून सील लावले जाते, पंचांच्या सह्या होतात आणि मुद्देमाल ठाण्यात जमा होतो. वर्षानुवर्षे जप्तीची हीच पद्धत रूढ होती. हार्ड डिस्कमधील माहिती त्यामुळे सुरक्षित राहतेही. पण प्लग निघताच संगणकातील एक संपूर्ण थर काही सेकंदांत पुसला जातो आणि तो पुन्हा मिळवण्याचा मार्ग उरत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतर डिजिटल पुराव्याचे वजन वाढले आहे. त्यामुळे हा पुसला जाणारा थर कोणी, कोणत्या साधनाने आणि कसा टिपायचा, हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही तो उभा आहे.

संगणकातील कोणता पुरावा क्षणात नाहीसा होतो?

संगणकाची साठवण दोन प्रकारची असते. हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील माहिती वीज गेली तरी राहते. ‘रॅम’ ही कामापुरती स्मृती असते. वीज आहे तोवरच ती माहिती धरून ठेवते. या घडीला कोणते प्रोग्राम चालू आहेत, संगणक कोणत्या पत्त्यांशी जोडलेला आहे, कोण लॉग-इन आहे, काय कॉपी-पेस्ट झाले, एनीडेस्कसारख्या सुविधेतून दुसरे कोणी दुरून संगणक चालवत आहे का, हे सारे रॅममध्ये असते. काही घातक प्रोग्राम तर डिस्कवर फाइलच ठेवत नाहीत. ते फक्त रॅममध्ये जगतात.

सर्वात महत्त्वाच्या असतात कुलपाच्या किल्ल्या. विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असेल, तर संगणक चालू असेपर्यंत तिची किल्ली रॅममध्ये असते. संगणक बंद केला आणि रिकव्हरी की मिळाली नाही, तर जप्त केलेली डिस्क प्रयोगशाळेतही न उघडणारी पेटी ठरू शकते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी याचा उलटा अनुभव आला. संगणक पुन्हा सुरू न केलेल्या काही विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ वापरकर्त्यांना रॅममध्ये उरलेल्या आकड्यांवरून किल्ली परत मिळवता आली. त्यासाठी संशोधकांनी ‘वॉनाकी’ आणि ‘वॉनाकिवी’ ही साधने तयार केली होती. ज्यांनी घाबरून संगणक बंद केला, त्यांच्यासाठी ही वाट बंद झाली.

वडवणीसारख्या तालुक्याचा याच्याशी काय संबंध?

बीड जिल्ह्याला डिजिटल पुराव्याचे मोल नव्याने सांगण्याची गरज नाही. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या हत्येच्या तपासात मोबाइलमधील चित्रफिती आणि छायाचित्रे दोषारोपपत्राचा महत्त्वाचा भाग झाली. मात्र ती साठवलेली माहिती होती. फोन बंद झाला तरी उरणारी.

तालुक्याच्या गावात पतसंस्था, बँकेची शाखा, आपले सरकार सेवा केंद्र, कृषी सेवा केंद्र यांचा व्यवहार बहुतेक वेळा एक-दोन संगणकांवर चालतो. २०२४ च्या खरीप हंगामात एक रुपयातील पीक विमा योजनेत बोगस अर्ज भरल्याचा मुद्दा राज्यभर गाजला. त्यात बीड जिल्ह्याचे नाव वारंवार आले आणि संशयाची सुई काही सामायिक सुविधा केंद्रांकडे वळली. अशा प्रकरणात कोणत्या लॉग-इनवरून अर्ज भरला गेला, हे पोर्टलच्या सर्व्हरवर कळते. पण ते लॉग-इन खुर्चीवर बसलेल्याने वापरले, की त्याच्या नकळत दुसऱ्या कोणी दुरून वापरले, याचे उत्तर अनेकदा चालू संगणकाच्या रॅममध्येच दडलेले असते. पुरावा आरोपीला अडकवण्यासाठीच नसतो; निर्दोष केंद्रचालकाला सोडवणाराही तोच असतो. प्लग काढला की दोघांचाही पुरावा जातो.

आधी काय टिपायचे, याचा क्रम कोणी ठरवला?

इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये ‘आरएफसी ३२२७’ हा मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचे सूत्र सोपे आहे : जे सर्वात लवकर नाहीसे होते, ते सर्वात आधी टिपा. प्रोसेसरमधील नोंदी, मग नेटवर्कचे तक्ते, चालू प्रक्रिया आणि रॅम, त्यानंतर तात्पुरत्या फाइली, मग डिस्क आणि शेवटी बॅकअप, असा तो क्रम. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची २००६ ची मार्गदर्शिका आणि ‘आयएसओ २७०३७’ हे २०१२ चे आंतरराष्ट्रीय मानकही याच विचाराचे आहे.

प्रत्यक्षात हा क्रम असा होतो : पडद्याचे छायाचित्र घ्यायचे, संगणकातील घड्याळ आणि खरी वेळ यांतील फरक लिहायचा, रॅमची प्रत काढायची, चालू जोडण्यांची नोंद घ्यायची, डिस्कला कुलूप आहे का ते पाहायचे आणि मगच संगणक बंद करायचा की नाही हे ठरवायचे.

यासाठी कोणती साधने उपलब्ध आहेत?

विंडोजसाठी ‘एफटीके इमेजर’, ‘मॅग्नेट रॅम कॅप्चर’, ‘डम्पइट’ आणि ‘बेल्कासॉफ्ट लाइव्ह रॅम कॅप्चरर’ ही साधने जगभर वापरली जातात आणि रॅमची प्रत काढण्यापुरती ती मोफत मिळतात. ‘विनपीमेम’ हे मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याचा कोड कोणालाही तपासता येतो. लिनक्ससाठी ‘लाइम’ आणि मायक्रोसॉफ्टचे ‘एव्हीएमएल’ ही नावे घेतली जातात. भारतातही ‘सी-डॅक’च्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘विन-लिफ्ट’ हे चालू विंडोज संगणकातील माहिती गोळा करण्याचे आणि तिचे विश्लेषण करण्याचे साधन तयार केले आहे. काढलेली प्रत उलगडण्यासाठी ‘व्होलॅटिलिटी’ हे मुक्तस्रोत साधन सर्वाधिक परिचित आहे.

थोडक्यात, पहिली पायरी पैशांमुळे अडत नाही. प्रशिक्षण, सराव आणि नंतरचे विश्लेषण हा खरा खर्च आहे. त्यामुळे ‘महागडे घेतले म्हणजे चांगले’ हा खरेदीचा नेहमीचा निकष येथे फारसा उपयोगी नाही.

मग निवड कोणत्या निकषांवर करायची?

पहिला निकष, समोरचे यंत्र. विंडोजचे साधन लिनक्सवर चालत नाही. ‘लाइम’ला तर त्या संगणकाच्या नेमक्या कर्नेल आवृत्तीसाठी आधी तयार करावे लागते; आयत्या वेळी ते जमत नाही. ‘एव्हीएमएल’ला ही अडचण कमी आहे, पण कर्नेल कडेकोट ठेवलेला असेल तर तेही अडते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या नव्या मॅकमध्ये पूर्ण रॅम टिपणे जवळपास अशक्य आहे. सर्व्हर आभासी यंत्रावर चालत असेल, तर साधनाची गरजच उरत नाही. स्मृतीसह ‘स्नॅपशॉट’ घेणे हा तेथील सर्वात स्वच्छ मार्ग.

दुसरा निकष, साधनाची स्वतःची पाऊलखूण. घटनास्थळी पाय ठेवला की ठसा उमटतो, तसेच येथेही आहे. साधन चालवले की ते रॅममध्येच जागा घेते आणि तिथली थोडी जुनी माहिती पुसते. म्हणून खिडक्या उघडणाऱ्या जड साधनापेक्षा एका आदेशावर चालणारे छोटे साधन बरे. ते पेन ड्राइव्हवरून थेट चालले पाहिजे. संशयित संगणकात इन्स्टॉल करावे लागणारे साधन बाद.

तिसरा निकष, स्थैर्य. रॅम वाचण्यासाठी साधनाला बहुधा संगणकाच्या गाभ्यात ड्रायव्हर चढवावा लागतो. त्यावर वैध डिजिटल सही नसेल, तर विंडोज तो नाकारते. अँटिव्हायरस अडवू शकतो. नव्या विंडोजमधील सुरक्षा व्यवस्थेशी न जुळणारा जुना ड्रायव्हर निळा पडदा दाखवून संगणक बंदही पाडू शकतो. एकदा असे झाले की दुसरी संधी नाही. म्हणून साधनाची अलीकडची आवृत्ती हवी आणि ती तशाच दुसऱ्या संगणकावर आधी चालवून पाहिलेली हवी.

चौथा निकष, प्रतीचे स्वरूप. प्रत सर्वसामान्य ‘रॉ’ स्वरूपात निघाली तर दुसरा तज्ज्ञ दुसऱ्या साधनाने ती तपासू शकतो. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी प्रत बचाव पक्षाला पडताळता आली नाही, तर तिच्यावर शंका घेतली जाणारच.

साधी वाटणारी कोणती चूक महागात पडते?

पेन ड्राइव्ह. बाजारात मिळणारे अनेक पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. ८ जीबी रॅमची प्रत अर्ध्यावर अडकते. त्यासाठी ड्राइव्ह आधीच ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ पद्धतीने तयार करावा लागतो आणि त्याची क्षमता समोरच्या रॅमपेक्षा बरीच जास्त असावी लागते. वेग हाही मुद्दा आहे. जुन्या यूएसबी २.० वर सेकंदाला सुमारे ३० एमबी धरले, तर ८ जीबीसाठी जवळपास पाच मिनिटे लागतात आणि १६ जीबीसाठी नऊ-दहा. तोवर संगणक चालूच असतो आणि रॅम बदलत राहते. त्यामुळे प्रतीचा पहिला भाग आणि शेवटचा भाग वेगवेगळ्या क्षणांचा असतो. प्रत जितकी लवकर निघेल तितकी ती विश्वासार्ह.

दुसरी चूक म्हणजे ही प्रत संशयित संगणकाच्याच डिस्कवर साठवणे. तसे केले की तिथल्या पुसलेल्या, पण परत मिळू शकणाऱ्या फाइलींवर नवी माहिती लिहिली जाते. एक पुरावा वाचवताना दुसरा जातो.

कॉसमॉस बँक प्रकरण काय सांगते?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेला हल्ला हे महाराष्ट्रातील सर्वात मोठे उदाहरण. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक होता. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट ‘स्विच’ यंत्रणा उभी केल्याचे तपासात पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

हल्ल्याच्या वर्षीच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकी यंत्रणांनी बँकांच्या एटीएम स्विचवरील अशा हल्ल्यांबाबत इशारा दिला होता. त्यात वर्णन केलेल्या ‘फास्टकॅश’ पद्धतीत घातक कोड आयबीएमच्या ‘एआयएक्स’ सर्व्हरवर चालू असलेल्या प्रक्रियेत घुसवला जात असे. म्हणजे पुरावा नेमका रॅममध्ये; आणि विंडोजसाठीची लोकप्रिय साधने ‘एआयएक्स’वर चालतच नाहीत. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत याची यादी आणि प्रत्येकासाठी कोणते साधन, हे संस्थेने हल्ल्याआधीच ठरवायला हवे, हा यातला धडा.

न्यायालयात काय टिकते?

कायद्यात कोणत्याही साधनाला ‘मान्यताप्राप्त’ म्हटलेले नाही. न्यायालय पाहते ते पुरावा कसा मिळवला, कोणाच्या ताब्यात होता आणि त्यात बदल झाला का, हे. याबाबतचा देशभर लागू झालेला महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातूनच गेला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारल्याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडीओ चित्रीकरणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयात सादर होत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही.

रॅमच्या बाबतीत ‘मूळ’ सादर करणे शक्यच नसते. हाती असते ती फक्त प्रत. म्हणून प्रमाणपत्राला येथे अधिक महत्त्व येते. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ मध्ये आता ‘सेमीकंडक्टर मेमरी’चा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत ‘हॅश’ मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहायचे असते.

‘हॅश’चा पेच काय?

हॅश म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळवून दाखवता येतात. रॅमच्या बाबतीत ते शक्य नाही, कारण मूळ रॅम पुढच्याच क्षणी बदललेली असते. दोनदा प्रत काढली तर दोन वेगळे ठसे येतात. त्यामुळे ‘प्रत काढल्यानंतर तिच्यात बदल झाला नाही’ इतकेच हॅश सिद्ध करू शकतो. ‘प्रत बरोबर काढली’ हे नाही.

ही पोकळी भरतात त्या पूर्वतयारीच्या नोंदी. साधनाचे नाव आणि आवृत्ती, ते आधी तपासून पाहिल्याचा कागद, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, चालवणाऱ्याचे नाव, पंचनाम्यातील उल्लेख आणि सगळ्याचे चित्रीकरण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आता सक्तीचे आहे. हेच चित्रीकरण रॅम पुराव्याचा सर्वात मोठा आधार ठरू शकते. मात्र त्यात पडदा आणि साधनाचा आदेश दिसायला हवा. केवळ सील लावतानाचे दृश्य पुरेसे नाही. उलटतपासणीत ‘हे साधन काय करते’ या प्रश्नाला साध्या शब्दांत उत्तर देऊ शकणारा माणूस नसेल, तर उत्तम साधनही निरुपयोगी.

तालुका पातळीवर अडचण कुठे आहे?

सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे आणि ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ओळख चोरी आणि तोतयेगिरी, म्हणजे कलम ६६ क आणि ६६ ड, यांना कमाल शिक्षा तीन वर्षांची. फक्त हीच कलमे लागली तर तज्ज्ञाची भेट सक्तीची नाही. त्याच कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. अनेक ग्रामीण ठाण्यांचे प्रभारी मात्र सहायक निरीक्षक असतात. म्हणजे तपास वर सोपवण्यात पहिले तास जातात.

त्यात अंतराची भर. सायबर पोलीस ठाणे बीडला, तर विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला. बीडहून ती सुमारे सव्वाशे किलोमीटर. रॅम तोवर थांबत नाही. विश्लेषण प्रयोगशाळेत होऊ शकते, टिपणे मात्र जागेवरच व्हावे लागते. म्हणूनच तालुक्याच्या ठाण्याला प्रयोगशाळेची नव्हे, तर आधी तपासलेली एक-दोन साधने, योग्य पद्धतीने तयार केलेला ड्राइव्ह, एक पानाची कार्यपद्धती आणि सराव केलेले दोन कर्मचारी यांची गरज आहे. एक कर्मचारी बदलून गेला तरी दुसरा हवा.

संगणक ज्याचा आहे त्याने काय करावे?

समजा, तालुक्यातील एखाद्या पतसंस्थेत माउसचा बाण आपोआप फिरू लागला आणि खात्यातून पैसे जाऊ लागले. अशा वेळी आधी नेटवर्कची केबल काढावी किंवा वायफाय बंद करावे. संगणक बंद करू नये, पुन्हा सुरूही करू नये. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे. लगेच बँकेला आणि १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. पैसे रोखणे हे पुराव्याइतकेच तातडीचे असते. अँटिव्हायरस चालवणे, फाइली पुसणे, ओळखीच्या मेकॅनिकला ‘फॉरमॅट’ मारायला सांगणे टाळावे. याला अपवाद एकच : डोळ्यांदेखत फाइली कुलूपबंद होत आहेत किंवा पुसल्या जात आहेत आणि नेटवर्क तोडूनही ते थांबत नाही, तर वीज तोडणे योग्य.

संस्थांवर कायदेशीर जबाबदारीही आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि संगणकांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणे आवश्यक आहे. घड्याळच चुकीचे असेल, तर रॅममधील नोंद आणि सर्व्हरवरील नोंद यांचा मेळ बसत नाही. तो मेळ बसला नाही, तर ज्याच्या लॉग-इनवरून व्यवहार झाला, त्यालाच ‘मी तेव्हा तिथे नव्हतो’ हे सिद्ध करत बसावे लागते.